नैराश्यावरची वनौषधी तपासायची कशी?

ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, अश्वगंधा, केशर, हळद. नैराश्यावर उपयोगी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वनस्पतींची यादी काष्ठौषधींच्या कुठल्याही दुकानदाराला तोंडपाठ असते. 'माझ्या वीस रुग्णांना गुण आला' असे सांगणारे वैद्यही भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. अडचण वेगळीच आहे. नैराश्य हा चढउतारांचा आजार. माणूस उपचार घ्यायला येतो तो बहुधा अगदी तळाला असताना. तिथून पुढच्या काही आठवड्यांत त्याला थोडे बरे वाटण्याची शक्यता औषधाशिवायही असते. कुणी आस्थेने विचारपूस करतो, झोपेच्या वेळा लावून देतो, पुढच्या सोमवारी परत बोलावतो, त्याचाही गुण येतो. औषधांच्या चाचण्यांत प्लासिबो, म्हणजे दिसायला हुबेहूब पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी साधारण तीस ते चाळीस टक्के लोकांना लक्षणीय फरक पडतो. वीसजणांतले सात-आठजण इथेच हिशोबात आले.

हा लेख एमडीचा प्रबंध करणारे वैद्य, मानसोपचार विभागातले निवासी डॉक्टर आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. 'संशोधनात सिद्ध झालेले' असे लेबलवर वाचून थबकणाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच अट आहे: चाचणी अशी आखा की औषध तिच्यात नापास होऊ शकेल. एथिक्स कमिटीपुढे (संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीपुढे) येणाऱ्या प्रस्तावांत ही सोयच बऱ्याचदा नसते.

आधी सर्पगंधेची गोष्ट

नुसत्या निरीक्षणावर किती विसंबायचे, याचे उत्तर एका वनस्पतीच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास मुंबईतून जातो. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांच्या नोंदींसह दाखवले, की सर्पगंधेने रक्तदाब उतरतो. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातले रेसरपिन वेगळे काढण्यात आले आणि ते औषध जगभर गेले. काही वर्षांतच डॉक्टर लिहू लागले, की मोठे डोस दीर्घकाळ घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण नैराश्यात जात आहेत. 'रेसरपिनने नैराश्य येते' हे पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. मेंदूतल्या सिरोटोनिनसारख्या रसायनांच्या कमतरतेमुळे नैराश्य येते, या कल्पनेचा तो एक खांब ठरला.

त्याच काळात, १९५५ मध्ये, लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता व नैराश्य असलेल्या रुग्णांत रेसरपिन आणि प्लासिबोची तुलना केली. रेसरपिन घेणारे रुग्ण अधिक सुधारले! निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जवळजवळ विस्मृतीत गेला. एकाच औषधाबद्दल निरीक्षण एक सांगते आणि तुलना दुसरेच, तेव्हा तुलनेचे आधी ऐकायचे.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

'अश्वगंधेचा मानसिक आरोग्यावरील परिणाम' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असतो: सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या, १८ ते ६० वयाच्या, सध्या नैराश्याचे कोणतेही औषध न घेणाऱ्या रुग्णांना केशराचा अमुक पद्धतीने काढलेला अर्क रोज ३० मिलिग्रॅम, सहा आठवडे दिला, तर हॅमिल्टन श्रेणीवरचे (ही नैराश्याची तीव्रता मोजणारी प्रश्नावली; गुण जास्त तितका आजार तीव्र) त्यांचे गुण प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा अधिक उतरतात का? वाक्य लांबलचक वाटेल, पण त्यातला एकही शब्द काढता येत नाही.

याच पायरीवर ताण, चिंता आणि नैराश्य यांची गल्लत होते. अश्वगंधेचा २०१२ चा, ६४ जणांवरचा भारतीय अभ्यास सगळीकडे उद्धृत होतो. तो दीर्घकालीन ताण असलेल्या प्रौढांवरचा आहे. त्याच्या आधारे 'डिप्रेशनवर अश्वगंधा' असे म्हणणे म्हणजे प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे.

पायरी २: वनस्पती नेमकी कोणती?

हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून घाईत उरकले जाते, आणि पुढचे सगळे फुकट जाते ते इथेच.

'ब्राह्मी' घ्या. पाणथळ जागी पसरणारी, जाडसर बारीक पानांची बॅकोपा मोनिएरी हीही ब्राह्मी. गोल, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची, महाराष्ट्रात कुंड्यांतून लावली जाणारी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, तिलाही लोक ब्राह्मीच म्हणतात. दोन्ही वेगळ्या कुळांतल्या, दोन्हींतली रसायनेही वेगळी. शंखपुष्पीची तर तऱ्हाच न्यारी. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपिया, म्हणजे औषधांचा अधिकृत मानकग्रंथ, कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस ही वनस्पती धरतो. केरळात त्या नावाने गोकर्ण वापरतात. बाजारातल्या पुड्यांत विष्णुक्रांताही सापडते. तुमच्या निबंधात फक्त 'शंखपुष्पी चूर्ण' एवढेच लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याला तुम्ही काय दिले हे कधीच कळणार नाही. जटामांसीची वेगळी चिंता: हिमालयातली ही वनस्पती दुर्मिळ झाली आहे, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आहेत, आणि महाग मालात भेसळ होतेच.

म्हणून आधी शक्यतो फुलाफळासह नमुना गोळा करा, दाबून वाळवा आणि वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. दोन्हींकडे वनस्पतिसंग्रहालये आहेत. तिथे नमुना जमा झाला की त्याला क्रमांक मिळतो. तो क्रमांक, गोळा केल्याची जागा, महिना आणि वनस्पतीचा कोणता भाग वापरला, हे निबंधात यायला हवे. वाळवलेले चूर्ण घेऊन ओळख पटवायला गेलात, तर समोरचा माणूस सौजन्याने चहा पाजेल, पण प्रमाणपत्र देणार नाही.

पायरी ३: अर्क, मात्रा आणि भेसळ

नैराश्यावर जगात सर्वाधिक तपासली गेलेली वनस्पती म्हणजे युरोपातली हायपेरिकम परफोरेटम, इंग्रजीत 'सेंट जॉन्स वर्ट'. पिवळ्या फुलांचे हे झुडूप जूनअखेर, संत जॉनच्या सणाच्या सुमारास फुलते. काश्मीरकडच्या हिमालयातही ते उगवते. तिचे अर्क बरीच वर्षे हायपेरिसिन या लाल रंगद्रव्याच्या टक्केवारीवर मोजले जात. साधारण ०.३ टक्के हायपेरिसिनचा अर्क रोज ९०० मिलिग्रॅम, ही चाचण्यांतली नेहमीची मात्रा. पुढे हायपरफोरिन या दुसऱ्याच घटकाकडे संशोधकांचे लक्ष गेले. म्हणजे अर्क मोजायला जे रसायन धरले, तेच काम करणारे रसायन असेल असे नाही. अर्क कोणत्या द्रावकात काढला, वनस्पती आणि अर्क यांचे प्रमाण काय, मोजमापाची किमान दोन रसायने कोणती, हे लिहून ठेवा. एचपीटीएलसीचा (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीचा) आलेख जपून ठेवा. संपूर्ण चाचणीला पुरेल एवढा माल एकाच बॅचचा तयार करून घ्या. मध्येच बॅच बदलली, तर औषधच बदलले असे समजा.

मात्रेबाबत हळदीचे उदाहरण बोलके आहे. चाचण्यांत कुरकुमिन रोज १००० मिलिग्रॅमच्या आसपास देतात. स्वयंपाकातल्या हळदीत कुरकुमिन असते साधारण तीन टक्के. म्हणजे तेवढे कुरकुमिन हळदीतून घ्यायचे तर रोज ३३ ग्रॅम हळद खावी लागेल. रात्री हळद घातलेले दूध पिण्याला या अभ्यासांचा आधार द्यायचा असेल, तर हा हिशोब आधी करावा.

शिसे, पारा, आर्सेनिक, कीटकनाशकांचे अंश आणि जंतू यांच्या तपासण्या प्रयोगशाळेतून करून घेणे अटळ आहे. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीत सुमारे २१ टक्क्यांमध्ये यांपैकी एखादा तरी धातू सापडला होता. हा निबंध २००८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या 'जामा' या नियतकालिकात आला. रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजे घातलेल्या औषधांत, प्रमाण अधिक होते, पण निव्वळ वनस्पतींची उत्पादनेही सुटली नव्हती. शिशाच्या विषबाधेने थकवा, चिडचिड, उदासी येते. नैराश्याच्या औषधात शिसे निघाले, तर आणखी काय बोलायचे?

पायरी ४: उंदरांवरचे प्रयोग वाचा, पण भुलू नका

रॉजर पोर्सोल्ट यांनी १९७७ मध्ये मांडलेली पोहण्याची चाचणी अजून सर्रास वापरली जाते. पाण्याच्या उभट काचपात्रात उंदीर सोडतात. सहा मिनिटांतल्या शेवटच्या चार मिनिटांत तो किती वेळ हातपाय न हलवता तरंगतो, ते मोजतात. औषध दिल्यावर हा वेळ घटला, तर ते 'नैराश्यविरोधी' मानतात. उत्तेजक द्रव्यांनीही हा वेळ घटतो. शिवाय न हलणारा उंदीर हताश आहे की शहाणपणाने शक्ती वाचवतो आहे, याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. 'नैराश्यावर प्रभावी' अशी बातमी वाचली, की प्रयोगाला बसलेले कोण होते ते आधी पाहा.

पायरी ५: परवानग्या

तुमचे औषध कायद्याच्या कोणत्या कप्प्यात बसते, ते आधी ठरवा. पारंपरिक ग्रंथोक्त औषध असेल, तर आयुष विभागाच्या २०१३ च्या चिकित्सा-चाचणी मार्गदर्शक सूचना लागू होतात. वनस्पतीतला शुद्ध केलेला अंश असेल, तर तो 'फायटोफार्मास्युटिकल' या गटात जातो. हा गट २०१५ च्या अधिसूचनेने आला आणि त्यात किमान चार घटक मोजून दाखवावे लागतात. हे औषध नवे औषध म्हणून २०१९ च्या नियमांखाली येते. नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी दोन्हीकडे लागते. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा) २०१७ चा नीतिविषयक दस्तऐवज हाताशी ठेवा.

सीटीआरआय ही भारतातली चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. पहिला रुग्ण दाखल होण्याआधी तिथे नोंदणी करायची. मुख्य निष्कर्ष कोणता आणि तो कितव्या आठवड्यात मोजणार, हे तिथे सर्वांना दिसते. निकाल लागल्यावर गोलपोस्ट हलवता येत नाही, म्हणून ही नोंदणी अनेकांना अडचणीची वाटते.

पायरी ६: रुग्ण कोण घ्यायचे, कोण नाही

वनौषधींच्या बहुतेक चाचण्या सौम्य ते मध्यम नैराश्यापुरत्या असतात, आणि ते योग्यच आहे. आत्महत्येचे विचार प्रबळ असलेले, भ्रम-भास होणारे, खाणेपिणे सुटलेले रुग्ण प्लासिबो मिळण्याची शक्यता असलेल्या चाचणीत घ्यायचे नाहीत. त्यांना ताबडतोब उपचार हवे असतात. पूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला आहे का, हे रुग्णाला आणि घरच्यांना वेगवेगळे विचारा. बायपोलर रुग्णाला नैराश्याचे औषध दिल्यावर उन्माद उसळू शकतो, आणि हायपेरिकमबाबतही तसे नोंदले गेले आहे.

थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासल्याशिवाय कुणाला दाखल करू नका. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता नेहमी दिसते. थकवा, विसराळूपणा, उदासी ही तिचीही लक्षणे आहेत. दोन महिन्यांत कुणी बाहेरून बी-१२ची इंजेक्शने घेतली, तर सुधारणा तुमच्या ब्राह्मीच्या नावावर जमा होईल. आधीची नैराश्याची औषधे थांबलेली असतील, तर ती शरीरातून जायला पुरेसा काळ द्या. फ्लुओक्सेटिनला पाच आठवडे धरतात. चाचणीत घेता यावे म्हणून कुणाचे चालू औषध बंद करायला लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

पायरी ७: तुलना कशाशी, आणि किती जणांत?

इथे थोडे रेंगाळू या, कारण वनौषधींच्या चाचण्यांचे सगळ्यात मोठे अपयश इथेच आहे.

तेहरानच्या शाहीन आखुंदजादेह यांच्या गटाने केशरावर लागोपाठ अभ्यास केले. २००४ मध्ये ३० रुग्ण: काहींना केशर ३० मिलिग्रॅम, काहींना इमिप्रामिन हे नैराश्याचे औषध १०० मिलिग्रॅम. २००५ मध्ये ४० रुग्ण, या वेळी समोर फ्लुओक्सेटिन. दोन्हींत सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक सापडला नाही, आणि 'केशर गोळ्यांइतकेच परिणामकारक' हा मजकूर जगभर गेला. भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात कुरकुमिनचा अभ्यास झाला. त्यात ६० रुग्णांचे तीन गट होते. सहा आठवड्यांनी गुण आलेल्यांचे प्रमाण फ्लुओक्सेटिनवर ६४.७ टक्के, कुरकुमिनवर ६२.५ आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ७७.८ टक्के. इथेही फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठरण्याइतका नव्हता, आणि प्लासिबोचा गट नव्हता.

'फरक सापडला नाही' आणि 'दोन्ही सारखे आहेत' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. साधा हिशोब करू. प्रत्येक गटात २० रुग्ण असतील, तर ८० टक्के खात्रीने पकडता येणारा फरक प्रमाण विचलनाच्या (रुग्णांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्या मापाच्या) सुमारे ०.९ पट एवढा दांडगा असावा लागतो. आता खऱ्या औषधांचे पाहा. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आंद्रेआ चिप्रियानी यांच्या विश्लेषणात २१ औषधे, ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण होते. सगळी औषधे प्लासिबोपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक होता ०.३ च्या आसपास. तेवढा फरक पकडायला प्रत्येक गटात साधारण १७५ रुग्ण लागतात. मध्येच सोडून जाणारे वीस टक्के धरले, तर २२० घ्या. वीस-वीसच्या दोन गटांत खडूची भुकटी फ्लुओक्सेटिनपुढे उभी केली, तरी 'लक्षणीय फरक नाही' असे उत्तर येण्याची शक्यता भरपूर आहे.

म्हणून शक्य असेल तर तीन गट करा: वनौषधी, प्रस्थापित औषध आणि प्लासिबो. याचे महत्त्व हायपेरिकमच्या इतिहासात दिसते. १९९६ मध्ये क्लाऊस लिंडे आणि सहकाऱ्यांनी २३ चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढला, की हायपेरिकम प्लासिबोपेक्षा सरस आहे. अमेरिकेत त्यावरून बराच गाजावाजा झाला आणि तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पैसा दिला. मध्यम ते तीव्र नैराश्याचे ३४० रुग्ण, १२ केंद्रे, आठ आठवडे, तीन गट. २००२ मध्ये निकाल 'जामा'मध्ये आला. पूर्ण प्रतिसाद देणारे: हायपेरिकमवर २३.९ टक्के, सर्ट्रालिनवर २४.८ टक्के आणि प्लासिबोवर ३१.९ टक्के.

वर्तमानपत्रांनी मथळा दिला, 'हायपेरिकम निकामी'. पण त्या चाचणीत सर्ट्रालिन हे मान्यताप्राप्त औषधही मुख्य मोजमापांवर प्लासिबोला हरवू शकले नव्हते! प्लासिबोचा गट नसता, तर हाच आकडा 'वनस्पती गोळीइतकीच प्रभावी' म्हणून छापला गेला असता. सर्ट्रालिनचा गट नसता, तर दोष एकट्या वनस्पतीच्या माथी गेला असता. तिसऱ्या गटामुळे कळले, की ही चाचणी फरक दाखवू शकण्याच्या स्थितीतच नसावी. लिंडे यांच्याच २००८ च्या, कॉक्रेन या चाचण्यांचे एकत्रित आढावे काढणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण आहेत. निष्कर्ष हायपेरिकमच्या बाजूने आहे, पण जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांचे निकाल इतरांपेक्षा बरेच अनुकूल आहेत, ही नोंदही तिथेच आहे. माझे मत विचाराल तर हायपेरिकमच्या विशिष्ट अर्कांना सौम्य-मध्यम नैराश्यात गुण आहे. तेवढ्या पुराव्याच्या जवळपासही आपली एकही भारतीय वनस्पती अजून गेलेली नाही.

पायरी ८: चिठ्ठ्या आणि झाकपाक

कोणाला काय द्यायचे, हे संगणकाने काढलेल्या यादीनुसार ठरवा, आणि ती यादी रुग्ण तपासणाऱ्याच्या हाती लागू देऊ नका. सम-विषम तारखा, ओपीडीचा वार असले प्रकार चालत नाहीत. पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरला कळले, की तो नकळत 'हा जरा बरा दिसतोय, उद्या बोलावू' असे करतो.

झाकपाक, म्हणजे कोणाला काय मिळते हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवणे, वनौषधींत खरोखर अवघड असते. केशराचा वास लपत नाही, हळद बोटांना लागते, जटामांसीचा दर्प कॅप्सूलमधूनही येतो. अपारदर्शक कॅप्सूल, दोन्ही प्रकारच्या बाटल्यांत तोच वास राहील अशी सोय आणि प्लासिबोत रंगासाठी निरुपद्रवी द्रव्य, इतके तरी करा. शेवटच्या भेटीत प्रत्येकाला विचारा: तुम्हाला काय मिळाले असे वाटते? २००२ च्या त्या अमेरिकी चाचणीच्या आकड्यांचे २०११ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले. प्रत्यक्षात काय मिळाले यापेक्षा आपल्याला काय मिळाले असे रुग्णाला वाटत होते, त्याच्याशी सुधारणेचा संबंध अधिक घट्ट निघाला.

पायरी ९: मोजायचे काय

मॅक्स हॅमिल्टन यांची १९६० ची १७ प्रश्नांची श्रेणी अजून राज्य करते. गुण ० ते ५२. सुरुवातीच्या निम्म्यावर आले तर 'प्रतिसाद', सात किंवा कमी झाले तर 'आजार उतरला'. वनौषधी तपासणाऱ्याने तिच्यातला एक खाचखळगा ओळखून असावे. १७ पैकी तीन प्रश्न झोपेचे आहेत: झोप लागत नाही, मध्ये मोडते, पहाटे जाग येते. प्रत्येकी दोन असे एकूण सहा गुण. नैराश्याच्या औषधांचा प्लासिबोपेक्षा सरासरी फायदा या श्रेणीवर दोनेक गुणांचा असतो. जटामांसीसारख्या गुंगी आणणाऱ्या वनस्पतीने रुग्णाला रात्रभर झोपवले, तर मनाला हातही न लावता ती दोनाचे तीन-चार गुण मिळवून जाईल. म्हणून उदास मनःस्थिती, अपराधीपणा, कामातला रस, मंदावलेपणा, मानसिक चिंता आणि थकवा या सहा प्रश्नांचे गुण वेगळे काढायचे, हे आधीच लिहून ठेवा.

मुलाखत मराठीत होणार असेल, तर प्रश्न बोलीत विचारले जातील याची खात्री करा. 'तुम्हाला विषण्ण वाटते का?' या प्रश्नाला बीडच्या शेतकऱ्याकडून काय उत्तर मिळणार? 'मन लागत नाही', 'जीव घाबरा होतो', 'छातीवर दगड ठेवल्यागत होतं', 'अंगात ताकदच नाही' अशा बोलण्यातून मुलाखतकाराला गुण द्यावे लागतात. दोन मुलाखतकारांनी तोच रुग्ण तपासून गुण जुळतात का, हे आधी पाहून घ्यावे.

पायरी १०: 'साइड इफेक्ट नाही' हे गृहीत धरू नका

ज्या औषधाने गुण येऊ शकतो, त्याने अपायही होऊ शकतो. हायपेरिकममधले हायपरफोरिन यकृताला चेतवते आणि यकृत इतर औषधे जास्त वेगाने मोडून टाकू लागते. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये निरोगी माणसांवरचा एक अभ्यास आला. हायपेरिकममुळे एचआयव्हीवरच्या इंडिनाव्हिरचे रक्तातले प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले होते. त्याच नियतकालिकात झुरिचमधल्या दोन रुग्णांची नोंद आहे. प्रत्यारोपित हृदय शरीराने नाकारू नये म्हणून ते सायक्लोस्पोरिन घेत होते. हायपेरिकम सुरू केल्यावर त्याची पातळी घसरली आणि शरीर हृदय नाकारू लागले. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, गर्भनिरोधक गोळ्या यांच्याबाबतही हाच धोका. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास सिरोटोनिन वाढून कंप, ताप, गोंधळ असा गंभीर प्रकार होऊ शकतो.

अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे अनेक देशांतून आल्या आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. प्रमाण कमी असेल, पण चाचणीच्या आधी, मध्ये आणि शेवटी यकृताच्या तपासण्या करायला हव्यात. प्रत्येक भेटीत रुग्णाने बाहेरून काय-काय घेतले ते विचारा. 'औषध' म्हणून विचारलेत तर 'काही नाही' म्हणतील. काढा, चूर्ण, आसव, शेजारणीने दिलेली पुडी, असे एकेक नाव घेऊन विचारा. आत्महत्येच्या विचारांबद्दल दर भेटीत स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने ते विचार मनात भरवले जात नाहीत. कोणाची तब्येत ढासळली तर कोणत्या क्षणी चाचणी थांबवून उपचार सुरू करायचे, ही रेषा आराखड्यातच आखलेली असावी.

पायरी ११: निकाल

दाखल झालेला प्रत्येक रुग्ण हिशोबात धरा, मध्येच सोडून गेलेलाही. पोटात जळजळ होते म्हणून दहाजण निघून गेले आणि उरलेल्यांत सुधारणा दिसली, तर ती सुधारणा नव्हे, गाळणी आहे. नोंदवहीत लिहिलेले मुख्य मोजमाप आधी सांगा, बाकीचे नंतर. ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या कुरकुमिन अभ्यासात ५६ जण होते. पहिल्या चार आठवड्यांत प्लासिबोपेक्षा फरक नव्हता, चौथ्या ते आठव्या आठवड्यात दिसला. यावरून 'कुरकुमिनला वेळ लागतो' ही पुढच्या चाचणीसाठी चांगली शंका मिळते. तिला निष्कर्ष म्हणू नये. निकाल नकारात्मक आला तरी छापा. निदान सीटीआरआयवरच्या तुमच्या नोंदीत निकाल भरा. तो कपाटात राहिला, तर पाच वर्षांनी दुसरा विद्यार्थी तीच वनस्पती, तेच वीस रुग्ण घेऊन बसेल.

घरात कोणी आजारी असेल तर

ज्यांना चाचणी करायची नाही, फक्त घरच्या माणसासाठी काही घ्यावे का एवढेच ठरवायचे आहे, त्यांनी वरच्या पायऱ्या उलट्या लावून बाटलीवरचा दावा वाचावा. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि अर्काचे प्रमाण लिहिले आहे का? अभ्यास माणसांवरचा आहे का? प्लासिबो होते का? किती जण होते? चारपैकी दोन प्रश्नांना उत्तर मिळाले तरी ती बाटली बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांपेक्षा बरी.

चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करून चूर्ण सुरू करू नका. एकदम थांबवल्याने चक्कर, अस्वस्थता येते आणि आजार उलटू शकतो. काही घ्यायचेच असेल, तर नाव डॉक्टरांना सांगा आणि बाटली दाखवा. बरेच रुग्ण डॉक्टर रागावतील म्हणून लपवतात, आणि औषधांच्या टकरीचा धोका तिथेच वाढतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर वनस्पती कोणती यापेक्षा आधी निदान करून घ्या. जगणे नको वाटू लागले असेल, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.